धुण्याचा दगड

कोल्हापुरात इतिहासाची सहल काढली की पहिला फोन कुठल्या राजवटीबद्दल येत नाही. "सर, जेवाण कुठं हाय?" असा येतो. दुसरा येतो, "परत किती वाजता?" तिसरा येत नाही, कारण तोवर गाडी भरलेली असते.

मी कॉलेजात इतिहास शिकवत असे आणि महिन्यातल्या एका रविवारी अशी सहल नेत असे. सुरुवातीला विद्यार्थ्यांना न्यायचो. विद्यार्थी कंटाळले, मग त्यांचे पालक यायला लागले. रविवारी घरातून बाहेर पडायला पालकांना काहीतरी भारदस्त कारण हवं असतं आणि आठशे वर्षांपूर्वीचं देऊळ हे कारण कुणाला खोडता येत नाही. त्यामुळं निवृत्त बँकवाले, शाळेतल्या बाई, एक दातांचे डॉक्टर, दोन वकील असा माझा कायमचा गोतावळा जमला. मी त्यांचा तज्ज्ञ. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीतून मी कधी काही पाहिलं नाही, पण ती गळ्यात असली की लोक मध्ये बोलत नाहीत.

गाडीत बसल्यावर मी प्रत्येकाच्या हातात नियमांचा कागद द्यायचो. त्यातला पहिला नियम मी स्वतः लिहिलेला होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता: 'दगडाचा अर्थ लावण्याआधी दगडाशेजारी राहणाऱ्या माणसाला विचारा.' हा नियम मी दर वेळी मोठ्यानं वाचून दाखवायचो. वकील माना डोलवायचे.

तर एका हिवाळ्यात आम्ही आजऱ्याच्या वाटेवरच्या एका गावी गेलो. गावाचं नाव सांगत नाही. मला माफ करायचं की नाही यावर तिथं अजून एकमत झालेलं नाही. गावात एक जुनं देऊळ आहे, ते दाखवायचं होतं. जाऊन पाहतो तर देवळाला कुलूप, आणि किल्ली घेऊन पुजारी सासुरवाडीला गेलेला. अकरा वाजले होते. जेवण एक वाजता, तेही पुढच्या गावात. चाळीस माणसं, दोन तास, आणि बघायला काही नाही. बँकवाल्यांनी घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. असा गट एकदा हातातून सुटला की पुढच्या महिन्यात थेट हुरडा पार्टीला जातो.

मी इकडंतिकडं बघत ओढ्याकडं उतरलो. तिथं साठीकडं झुकलेली एक बाई वाकळ धूत होती. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात, आणि भिजलेली वाकळ म्हणजे काय वजन असतं हे ती धुतलेल्यालाच माहीत. बाई ती ज्या दगडावर आपटत होती, तो दगड बघून माझा जीव भांड्यात पडला. तो वीरगळ होता. लढताना मेलेल्या माणसाच्या नावानं पूर्वी गावोगावी असे कोरीव दगड उभे करत. त्यावर एकावर एक चौकटी असतात. वरच्या चौकटीत तो वीर महादेवाची पूजा करत असतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत असतात, आणि तो मेला कसा हे खालच्या चौकटीत असतं. इथं वरच्या दोन चौकटी शाबूत होत्या. खालची तुटून गेलेली होती.

तुटलेली चौकट म्हणजे तज्ज्ञाला मोकळं रान.

"मंडळी, इकडं या!" मी ओरडलो. सगळे उतरले. मी त्या बाईंना विचारलं, "मावशी, हा दगड कसला आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"ह्यो व्हय? ह्यो आमच्या..." बाईंनी सुरुवात केली.

"ऐका मंडळी," मी म्हणालो आणि बोलायला लागलो.

दोन चौकटी खऱ्याखुऱ्या समजावून सांगायला दहा मिनिटं पुरली. अजून एक तास पन्नास मिनिटं शिल्लक होती. मग मी तिसऱ्या चौकटीला हात घातला, जी तिथं नव्हतीच. म्हणालो, असं सांगतात की हा वीर म्हणजे गावचा तरणाबांड घोडेस्वार. दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न होतं. अंगाला हळद लागलेली, आणि शत्रू चालून आला. तो हळदीच्या अंगानं तसाच घोड्यावर बसला आणि लढता लढता पडला. संसाराचं तोंडसुद्धा त्यानं पाहिलं नाही. 'असं सांगतात की' हे शब्द आमच्या धंद्यात फार उपयोगी आहेत. कोण सांगतात, हे कुणी विचारत नाही.

शाळेतल्या बाईंचे डोळे भरून आले. मग मला चेव चढला. दगडाच्या एका कोपऱ्यात वाटीएवढा खळगा होता आणि त्यात साबणाची वडी होती. ती वडी मी दोन बोटांनी उचलली, बाजूला ठेवली आणि म्हणालो, "हा खळगा पाहा. घोड्याच्या टापेची खूण म्हणून इथले लोक हा दाखवतात." इथले लोक म्हणजे ती बाई. ती हातभर अंतरावर बसून ओल्या हातांनी माझ्याकडं बघत होती. निघताना मी तिला दोन शब्द सुनावलेही. "मावशी, अहो, केवढा ठेवा आहे हा! यावर तुम्ही कपडे आपटता?"

"मग कुठं आपटू?" ती म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. ओढ्याच्या काठावर गावातली दहा-पंधरा माणसं उभी राहून ऐकत होती, आणि दातांचे डॉक्टर सगळं मोबाइलवर टिपत होते. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत माझं इतकं कौतुक झालं की रस्सा मला दोनदा जास्तीचा वाढला गेला.

घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. बायको गणित शिकवते. जगातल्या कुठल्याही विधानावर तिचा एकच प्रश्न असतो. तिनं विचारलं, "कशावरून?"

"वाढ आता," मी म्हणालो, आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

नऊ वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, त्या गावातून फोन आला. पलीकडं तिथल्या मंडळाचे अध्यक्ष होते. आवाज असा की फोन कानापासून लांब धरूनही नीट ऐकू येत होता. "सर, तुमच्यामुळं आमच्या गावाला आमचा इतिहास कळला! तुमचा व्हिडिओ पोरं अजून बघत्यात. औंदा वीराच्या उत्सवाला पावणं म्हणून तुमीच पायजे. फेटा बांधायचाय तुम्हास्नी." मला आनंद झाला, हे कबूल करतो. ती नसलेली तिसरी चौकट आठवली, पण आनंद जास्त झाला. बायको म्हणाली, "फेटा बांधून घ्यायच्या आधी काय ते सांगून टाका." मी म्हटलं, बघू.

जुनी मंडळी गोळा केली, गाडी केली आणि गेलो. गावाच्या वेशीवर फ्लेक्स होता. त्यावर उधळलेला घोडा, घोड्यावर पिवळ्याधमक अंगाचा वीर, आणि शेजारी मी. माझा फोटो वीरापेक्षा मोठा होता. ओढ्याकाठी सिमेंटचा चौथरा, त्यावर पत्र्याची शेड, चारी बाजूंनी लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. आत दगड उभा केलेला. त्याला ऑइलपेंट दिलेला. अप्सरांना हिरवी लुगडी नेसवलेली, वीराला मिशी काढलेली. गुडघ्याच्या उंचीवर आलेल्या त्या खळग्यात ओली हळद भरलेली होती.

अध्यक्ष मला अभिमानानं सगळं दाखवत होते. पन्नाशीचे असतील, दुधाच्या डेअरीचं काम बघणारे, अंगानं भरलेले, मनानं मोकळे. गावातल्या कुठल्याही लग्नाची हळद आता आधी इथं लागते, ते म्हणाले. नवरदेव चौथऱ्यावर जातो, टापेच्या खुणेत हळद घालतो आणि त्यातलीच चिमूटभर पानावर घेऊन खाली येतो. नवरी खालीच उभी असते.

"खाली का?" मी विचारलं.

त्यांनी पाटीकडं बोट केलं. 'महिलांना चौथऱ्यावर प्रवेश नाही.' म्हणाले, "तुमीच सांगितलंसा की सर. वीरानं संसाराचं त्वांड बघितलं न्हाई. मग बाईमानसाची सावली पडून कसं चालंल?"

माझ्या त्या वाक्याला डोळ्यांत पाणी आणण्यापलीकडं काही काम नव्हतं. त्याची पाटी होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. फेट्याला वेळ होता. मी चहा घेतो असं सांगून बाजूला सरकलो.

जाळीच्या बाहेर, आंब्याच्या सावलीला, एक म्हातारी बसली होती. काठी आडवी ठेवलेली, तोंड दगडाकडं. मी जवळ गेलो तशी तिनं वर पाहिलं.

"आलासा व्हय मास्तर," ती म्हणाली. "माजा धोंडा घालवलासा."

मी ओळखलं. खाली बसलो. नऊ वर्षांपूर्वी जे दोन मिनिटं गप्प बसून ऐकायला हवं होतं, ते ऐकायला मला आता पाऊण तास लागला.

दगड तिच्या नवऱ्यानं आणला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला दिवस गेले. ओढ्यातल्या सखल खडकावर वाकून धुणं तिला जमेना. नवऱ्याच्या रानात, बांधाला, एक कोरीव दगड पडून होता. त्यानं बैल जुंपून तो ओढत ओढ्यावर आणला आणि तिच्या कमरेच्या मापानं बसवून दिला. "आठ दिस खपत हुतं," म्हातारी म्हणाली. "बोलायचं न्हाईत कधी. उभ्या जल्मात सवताच्या हातानं एक लुगडं आणलं न्हाई मला. ह्यो धोंडा तेवढा आणला. नक्षी हुती न्हवं, मळ चांगला निघायचा."

गावानं दगड उचलून चौथऱ्यावर नेला तेव्हा नवरा जिवंत होता. काही बोलला नाही. दोन वर्षांमागं गेला. तेव्हा हिनं विचारलं होतं, एकदा वर जाऊन हात लावू द्या. कुणी लावू दिला नाही.

"कुणी अडवलं?" मी विचारलं.

"आमच्या ल्योकानं. अध्यक्ष हाय न्हवं त्यो."

मी मंडपाकडं पाहिलं. अध्यक्ष माइकवर 'हॅलो, हॅलो' करत होते.

"त्याला सांगितलं नाही तुम्ही? वडिलांनी आणलाय म्हणून?"

"सांगितलं की. म्हनला, आई, तुला काय कळतंय, सर शिकल्यालं हाईत. आनि गावाचा नेम घरापास्नं मोडू व्हय म्हनला."

मला लाज वाटली. यापेक्षा चांगला शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. मी वाढीव रस्सा खाल्ला होता आणि त्याच्यापायी एका मुलानं आपल्या आईला खोटं ठरवलं होतं.

"मावशी, खालचा तुकडा कुठं गेला? तुटलेला?"

"जातोय कुठं? गोठ्यात हाय. गव्हाणीफुडं पायरीला." ती काठी टेकत उठली.

गोठा पन्नास पावलांवर होता. एका म्हशीला बाजूला करून, शेण सारून, मी गुडघ्यावर बसलो. तुकडा पालथा नव्हता, उताणाच होता. शेणानं भरलेल्या रेषा मी पाण्यानं धुतल्या. घोडा नव्हता. तलवारही नव्हती. एका ओळीत चार गाई होत्या, आणि त्यांच्यापुढं आडवा पडलेला एक माणूस. त्याच्या हातात धनुष्य होतं आणि डोक्याशी एक वासरू. गावची गुरं पळवून न्यायला कुणी आलं असेल आणि हा आडवा गेला असेल. अशा माणसांचे दगड आपल्याकडं सगळ्यात जास्त असतात, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो.

"गुरं राखणारा हाय त्यो," म्हातारी मागून म्हणाली. "मालकांनी बघिटल्या बघिटल्या वळाकला हुता. म्हनलं, कोन तरी गुरांपायी म्येलाय बिचारा. तुमी कुठनं घोडं काढलंसा?"

मालक दुसरीपर्यंत शिकले होते. मी पीएच. डी. आहे.

तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला. फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली, त्यातली निम्मी माझ्या कथेइतकीच खरी होती. मी माइक हातात घेतला. समोर गाव, माझे चाळीस जण, पुढच्या रांगेत बायका. मी म्हणालो, "मंडळी, नऊ वर्षांपूर्वी मी इथं थाप मारली."

लोक हसले. तज्ज्ञ माणूस विनोदानं सुरुवात करतो म्हणून हसले. मी म्हणालो, घोडा नव्हता. हळदही नव्हती. मला वेळ काढायचा होता. 'असं सांगतात' म्हणालो, पण सांगणारा मी एकटाच होतो. हळूहळू हसू थांबलं. मागून एक जण म्हणाला, "सरांस्नी ऊन लागलंय वाटतं, सरबत द्या." माझ्या गटातले बँकवाले दुसऱ्या रांगेतून हळूच म्हणाले, "सर, जेवणानंतर बोलला असता तर?"

अध्यक्षांचा चेहरा पडला होता. त्यांनी माइक घेतला नाही, त्यांना लागतही नाही. "सर, नऊ वर्सं हळदी लागल्यात हितं. माज्या लेकीची लागलीया. त्या लग्नांचं काय मग? खोटी व्हय ती?"

मी म्हटलं, "लग्नं खरी आहेत. माझी गोष्ट खोटी आहे. आणि ती पाटी माझ्या खोट्यावर उभी आहे. अध्यक्ष, हा दगड तुमच्या वडिलांनी तुमच्या आईसाठी रानातून ओढत आणला. त्याचा तुटलेला भाग तुमच्याच गोठ्यात आहे, आता धुऊन ठेवलाय, जाऊन बघा. तुमची आई खरं सांगत होती. शिकलेल्या माणसालाच काही कळलं नव्हतं."

अध्यक्ष खाली मान घालून उभे होते. मग ते मंचावरून उतरले. मला वाटलं, गोठ्याकडं निघाले, किंवा मला मारायला तरी. ते आंब्याखाली गेले. आईसमोर उभे राहिले आणि खिशातून किल्ली काढली. तिच्या हातात द्यायला गेले. तिनं घेतली नाही, म्हणाली, "म्हातारीच्या हातानं कुलूप निघतंय व्हय? तूच काड."

जाळी उघडली. म्हातारीनं पायऱ्यांवर मुलाचा हात धरला. माझा धरला नाही. वर जाऊन तिनं आधी दगडाच्या डोक्यावर हात ठेवला, मग अप्सरांवरून फिरवला. "काय रंग लावलाय रं ह्यो," एवढंच म्हणाली. मग वाकून त्या खळग्यापाशी आली आणि बोटांनी आतली हळद काढायला लागली. मागं गर्दी दाटली होती. मी पाटीच्या खाली, पहिल्या पायरीवर उभा होतो. हळद निघाल्यावर मला आत छिन्नीचे घाव दिसले, एकसारखे, सावकाश घातलेले. नऊ वर्षांपूर्वी साबणाची वडी उचलताना तेच घाव माझ्या बोटांखाली असणार.

"मावशी," मी विचारलं, "हा खळगा कसला?" आणि या वेळी गप्प बसलो.

"साबन घरंगळायचा वढ्यात," ती म्हणाली. "पोट वाढल्यालं, वाकून काडाय यायचा न्हाई. म्हून मालकांनी कोरून दिलता."

मागं कुणीतरी हसलं. मग कुणीतरी त्याला गप्प केलं. अध्यक्ष खळग्याकडं बघत होते. त्यांनी हिशेब लावला असावा, कारण ते थोरले होते आणि त्या पोटात तेच होते. त्यांनी फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं. "मग आता हळद हितं लावायची का न्हाई, आई?" त्यांनी विचारलं.

"लावा की. नवऱ्यानं बायकूसाठी क्येल्याला खळगा हाय. हळद लावायला ह्याच्यापरीस चांगली जागा कुठली? फकस्त पोरीस्नी खाली उभं करू नगासा."

मी खिशातून वही काढली. निवृत्तीनंतरही सवय सुटत नाही. लिहिलं: खळगा, साबणासाठी, छिन्नीनं केलेला. खाली माहिती देणाऱ्याचं आणि काम करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, तो माझ्या कागदावरचा दुसरा नियम. मी म्हटलं, "मावशी, मालकांचं नाव काय लिहू?"

आयुष्यभर 'मालक' म्हणणारी ती बाई जरा थांबली. नाव घ्यायचं तर उखाण्यातून, एरवी नाही, अशा पिढीतली. तिनं पदर नीट केला, खळग्यात हात ठेवला आणि नवऱ्याचं नाव सरळ, मोठ्यानं घेतलं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. मी ते लिहून घेतलं. ते इथं सांगणार नाही. ज्याला हवं असेल त्यानं त्या ओढ्यावर जावं आणि दगडाशेजारच्या माणसाला विचारावं.